जनीची कोठी

दीपकचा फोन आला तेव्हा निशिगंधा स्टुलावर चढून मांडवाला ऊस बांधत होती आणि तिच्या तोंडात सुतळीचं टोक होतं. "हातखंब्याला आलोय. अर्ध्या तासात पोचतो. आईची बॅग भरून ठेव," एवढं बोलून भावाने फोन ठेवलासुद्धा. सुतळीमुळे तिला उत्तर देता आलं नाही, हे एका परीने बरंच झालं. जे उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं ते लग्नघरात शोभणारं नव्हतं.

लग्न तुळशीचं होतं. आरे-वारेच्या रस्त्यावर, जिथून समुद्र पहिल्यांदा दिसतो त्या वळणावर, 'ओसरी' नावाचं घर आहे. विसरण्याचा आजार जडलेल्या बावीस म्हाताऱ्या माणसांचं ते घर, आणि त्या बाविसांत चौदा महिन्यांपासून निशिगंधाची आई, जनी नागवेकर, वय वर्षं एक्याऐंशी. गेले पंधरा दिवस हे अख्खं घर लग्नाला लागलं होतं. कुणी कुंडी रंगवली, कुणी अक्षतांचे तांदूळ निवडले, कुणी झेंडूच्या माळा ओवल्या, सोडवल्या आणि पुन्हा ओवल्या. घराची मॅनेजर अक्षया, जेमतेम तिशीची पोरगी, तिने सगळ्यांचे दोन पक्ष पाडून बिल्ले वाटले होते. वधूपक्षाला पिवळे, वरपक्षाला हिरवे. निम्म्या लोकांनी दुपारपर्यंत पक्ष बदलला होता, पण ते काय, खऱ्या लग्नातही होतंच.

निशिगंधाने बॅग भरायला घेतली नाही. तिने दुसरा ऊस उचलला. मागे उभा असलेला धाकटा भाऊ बाळा घसा खाकरत म्हणाला, की ताई, भरावी लागेल गं. दादाने ठाण्याच्या एका वृद्धाश्रमात खोली नक्की केलीय. अटेंडंट चोवीस तास, खिडकीला जाळी, जिन्याला दार, भिंतीवर कॅमेरा. मी हो म्हटलंय.

कालपर्यंत हाच बाळा तिच्या बाजूने होता. कालच त्याने मिऱ्यावरून, आपल्या पंप दुरुस्तीच्या दुकानातून फोन करून शपथ घेतली होती, की आई रत्नागिरी सोडणार नाही म्हणजे नाही. पण बाळाचं सगळं आयुष्य तळ्यात-मळ्यात गेलेलं. समोर जो उभा त्याचा तो. दादा समोर येणार म्हटल्यावर त्याची शपथ हातखंब्याच्या अलीकडेच विरघळली. निशिगंधाला त्याचा राग आला, मग हसू आलं. शेवटी तिने त्याला उसाचं दुसरं टोक धरायला लावलं.

भांडणाचं मूळ आईच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात होतं. आठ दिवसांपूर्वी विळीवर लाल भोपळा कापताना ते बोट कापलं आणि तीन टाके पडले. अक्षयाने काही लपवलं नाही. तिने स्वतःच घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि झालं ते लिहिलं. शिमग्यात पालखीसमोर झालेल्या भांडणानंतर त्या ग्रुपवर नागवेकर भावंडं एकमेकांना फक्त सकाळची फुलं पाठवत होती. त्या दिवशी फुलांनंतर पहिल्यांदा शब्द आले, आणि ते दीपकचे होते. एक्याऐंशी वर्षांच्या, काल जेवली का ते न आठवणाऱ्या बाईच्या हातात विळी देणारी माणसं शहाणी की वेडी, असं त्याने विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत ठाण्याची खोली ठरलीसुद्धा.

खरं सांगायचं तर निशिगंधाकडे त्या प्रश्नाला चोख उत्तर नव्हतं. बोट पुन्हा कापणार नाही याची हमी ती कुठून देणार? तिला एवढंच ठाऊक होतं, की आई ठाण्याला दीपककडे वर्षभर होती तेव्हा तिचं एकही बोट कापलं नव्हतं, आणि ती परत आली तेव्हा दिवसाला चार शब्दसुद्धा बोलत नव्हती.

गंमत अशी, की ठाण्यालाही भांडण कोठीवरूनच झालं होतं, फक्त ते कुणाला कळलं नाही. जनीबाय म्हणजे चाळीस वर्षं वाडीतल्या प्रत्येक लग्नाची कोठी. लग्नघरात एका खोलीत सगळा शिधा ठेवायचा, तांदूळ, गूळ, नारळ, तेलाचे डबे, आणि किल्ली अशा माणसाकडे द्यायची जे नवरदेवाच्या बापालाही मोजूनच साखर देईल. ती जनी. कोठीवर जनी बसली की यजमान झोपायला मोकळा, असं माणसं म्हणायची. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तिने चमचे, साखरेचा डबा आणि टीव्हीचा रिमोट कपाटात नेऊन ठेवला आणि कपाटाला पाठ लावून बसली. सुनेला वाटलं, सासूबाई चोऱ्या करायला लागल्या. मग स्वयंपाकघराला कडी लागली, आणि आई खिडकीशी बसली ती बसलीच.

ओसरीतही पहिल्या महिन्यात तिच्या गादीखाली बावीस चमचे सापडले. अक्षया ओरडली नाही. तिने निशिगंधाला समोर बसवून दोन तास विचारपूस केली, बाई जन्मभर काय करायच्या, हाताला कशाची सवय, रागावायच्या कशावर. दुसऱ्या दिवशी तिने जेवणघरातलं एक कपाट रिकामं करून त्याला कुलूप लावलं आणि किल्ली लाल नाडीत ओवून जनीबायच्या कमरेला दिली. तेव्हापासून रोज सकाळी आचारी सखाराम हात जोडून कपाटासमोर उभा राहतो, "जनीबाय, वीस-बावीस माणसं हायत जेवायला, तांदूळ काढा," असं म्हणतो, आणि जनीबाय त्याला आधी दोन गोष्टी सुनावते आणि मग मापटं भरते. कधी दुप्पट देते, कधी निम्मं. सखाराम आत जाऊन गुपचूप बरोबर करून घेतो. चौदा महिन्यांत त्याने एकदाही तिला चूक दाखवली नाही.

आज तर कोठीचा थाटच न्यारा होता. जनीबाय पहाटे उठून, हिरवी नऊवारी नेसून, कपाटासमोर खुर्ची टाकून बसली होती. समोर ओसरीतलेच काशीराम तांडेल उभे होते, जन्मभर बोट चालवलेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे, ताठ कण्याचे. त्यांना कुणी नवऱ्याचा बाप केलं नव्हतं, त्यांनी स्वतःच स्वतःला केलं होतं. वरपित्याचा नारळ मिळाला नाही अशी त्यांची तक्रार होती. जनीबायने लगबगीने नारळ दिला, हळदकुंकू लावलं, चुकीची माफी मागितली. काशीराम प्रसन्न होऊन बाहेर गेले आणि वीस मिनिटांनी परत येऊन म्हणाले, की वरपित्याचा नारळ अजून मिळाला नाही. जनीबायने पुन्हा माफी मागितली. दुपारी तीनपर्यंत हे चार वेळा झालं. त्यांना घेतल्याचं आठवत नव्हतं, तिला दिल्याचं, त्यामुळे दोन्ही पक्ष तृप्त होते. मानपानावरून इतकं सुखात पार पडणारं लग्न नागवेकरांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. निशिगंधाला हसू आवरेना, आणि तिला कळेना की यातलं दादाला काय आणि कसं दाखवायचं.

गाडी फाटकात आली तेव्हा सव्वातीन झाले होते. दीपक उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठी. गेल्या वर्षी बँकेत डेप्युटी मॅनेजर झाल्यापासून ती आठी रविवारीसुद्धा उतरत नाही, असं त्याची मुलगी ईशा म्हणते. ईशा मागच्या सीटवरून उतरली ती थेट आत्याच्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "मी तुझ्या पक्षात आहे, बाबांना सांगू नकोस." निशिगंधाने लगेच तिच्या कुर्त्याला पिवळा बिल्ला लावला.

दीपक भाषण तयार करून आला होता. सावर्ड्यापासून तो ते मनातल्या मनात घोकत होता, हेही ईशानेच नंतर सांगितलं. पण त्याचं पहिलं वाक्य ओठांवर यायच्या आत कोठीच्या दारातून जनीबाय बाहेर आली आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मेल्या, आता येतोस? पंगत काय माझ्या डोक्यावर बसवू?"

"आई, मी दीपक."

"दीपक असशील नायतर आणि कोण. हात चालतो काय तुझा? नारळ सोलायचे ऱ्हायलेत."

दीपकने निशिगंधाकडे पाहिलं. निशिगंधाने बाळाकडे पाहिलं. बाळा उसाकडे बघू लागला. तेवढ्यात जनीबायने बँकेच्या डेप्युटी मॅनेजरचं मनगट धरलं आणि त्याला मागीलदारी नेलंसुद्धा. तिथे जमिनीत रोवलेली पहार होती आणि शेजारी सोलायच्या नारळांचा ढीग.

निशिगंधा मागोमाग धावली. तिला वाटलं आता तमाशा होणार. दीपक ढिगाकडे बघत उभा होता. मग त्याने घड्याळ काढून खिशात घातलं, बाह्या दुमडल्या, एक नारळ उचलला आणि पहारेच्या टोकावर नेमका आपटला. सालीचं पहिलं सोडण जागेवर सुटलं. लहानपणी आईच्या प्रत्येक कोठीवर नारळ सोलायचं काम त्याचंच असे, आणि हात कुठे विसरतो? दुसरा सोलला, तिसरा सोलला. चौथ्याला शर्टाचं बटण तुटलं. पाचव्याला आठी गेली. जनीबाय शेजारी उभी राहून मोजत होती, चार झाले की पुन्हा एकपासून, त्यामुळे काम काही संपत नव्हतं. ईशा मोबाइलवर शूट करत होती आणि हसून हसून तिचा हात हलत होता.

बारा-पंधरा नारळांनंतर जनीबाय कोठीकडे वळली तशी तिन्ही भावंडं त्या सोडणांच्या ढिगाशी एकटी पडली. शिमग्यानंतर पहिल्यांदाच ती अशी एकत्र उभी होती.

दीपकने रुमालाने तोंड पुसलं. तो हसत होता, पण बोलला ते हसून नव्हे. "निशे, आजचा दिवस छान आहे. मी काही दगड नाही. पण लग्न वर्षातून एकदा असतं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस?"

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोठी असते, असं निशिगंधाने सांगितलं. तांदूळ, साखर, चहापूड, सखारामला शिव्या. चूक होते तीही रोज होते. ते सगळं तिने सांगितलं, जरा भरभर.

"आणि बोट?"

"बोट कापलं, खरं आहे. आता विळी वापरायची तर शेजारी माणूस बसतं."

"तिथे तिला कापायला काही देणारच नाहीत."

"तेच तर," निशिगंधा म्हणाली.

दीपक पायाने सोडणं गोळा करू लागला. बाळाने संधी साधून सांगितलं, की दादाचंही बरोबर आहे, प्रत्येक वेळी फोन मला येतो, मिऱ्यावरून धावत मी येतो, त्या दिवशी टाके घालताना तिचा हात मी धरला होता आणि मला घेरी आली होती. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. निशिगंधाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दीपक मात्र बोलता बोलता अडखळला. "मी लांब आहे गं," तो म्हणाला. "तुम्ही दोघं इथे आहात. तिला काही झालं तर मला फोनवर कळणार. मला फोनची भीती वाटते." हे वाक्य त्याच्या घोकलेल्या भाषणात नक्कीच नव्हतं. निशिगंधाला एकदम तो लहानपणचा दादा दिसला. पण त्यानंतर तो पुन्हा डेप्युटी मॅनेजर झाला आणि म्हणाला, की लग्न लागलं की निघायचं, रात्री चिपळूणला सासुरवाडीत मुक्काम, उद्या ठाणे. खोली सोमवारपर्यंतच राखून ठेवलीय. बाळा खाली मान घालून आईच्या खोलीकडे गेला, बॅग भरायला.

मुहूर्त गोधुळीचा होता. समुद्राच्या अंगाला आभाळ पिवळं झालं तशी बावीस माणसं, सात सेवक, आलेले नातेवाईक, सगळे मांडवाभोवती जमले. रंगवलेल्या कुंडीत तुळस, तिच्या गळ्यात चिंच-आवळ्याची माळ, समोर पाटावर बाळकृष्ण. अंतरपाट म्हणून ईशाने स्वतःची ओढणी धरली. भटजींची वाट पाहायची का, असं अक्षया विचारत होती, इतक्यात कोपऱ्यातल्या सखूबाईंनी मंगलाष्टक सुरू केलं. या सखूबाई ओसरीत आल्यापासून हो आणि नको यापलीकडे बोलल्या नव्हत्या. त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटच्या सावधानपर्यंत एक शब्द न चुकता म्हटलं, सुरात, डोळे मिटून. अक्षया तोंडावर हात घेऊन रडत होती. अक्षता उडाल्या, त्यातल्या निम्म्या काशीरामांच्या डोक्यावर पडल्या आणि त्यांनी ते वरपित्याच्या रुबाबात स्वीकारलं. लोकांनी थाळ्या बडवल्या. वरपक्षातल्या तिघी नाचायला लागल्या, मग वधूपक्षही उतरला. कोण कुणाच्या बाजूचं हे बिल्ल्यांनाही सांगता येईना. दीपकने आधी एका बोटाने थाळी वाजवली, मग दोन हातांनी. बाळाने त्याला खांद्याने ढोसलं आणि त्यानेही ढोसून परत केलं. निशिगंधा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मध्येच तिला बॅगेची आठवण आली, पण थाळ्यांचा आवाज इतका होता की तीही फार वेळ टिकली नाही.

पंगतीत दीपक दोनदा जेवला. पहिल्यांदा स्वतःच्या भुकेने, दुसऱ्यांदा जनीबायने नारळवाला उपाशी राहिला म्हणून पुन्हा बसवल्यामुळे.

आणि मग ती वेळ आलीच. दीपकने गाडी फाटकाशी आणून उभी केली. पुढच्या सीटवर आईसाठी उशी ठेवली. बाळाने बॅग मागे ठेवली. मघाशी वरपक्षाच्या हट्टासाठी ईशाने बॉनेटवर झेंडूची माळ बांधली होती, ती तशीच होती. निशिगंधा आईला आणायला कोठीकडे निघाली. काय सांगून आणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. फिरायला जाऊ या म्हणायचं? आईशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पण जनीबाय आधीच फाटकाशी पोचली होती. तिने माळ बघितली, उघडं दार बघितलं, उशी बघितली, आणि तिला सगळं कळलं.

"गाडी आली नि कुणी सांगितला नाय?" तिने सगळ्यांना फैलावर घेतलं. "पोरीला काय रात्र करून पाठवायची?"

मागचं दार उघडून तिने बॅगेची चेन ओढली. स्वतःची दोन लुगडी, तेलाची बाटली, कंगवा, स्वेटर तिने उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच रुखवत बघून तिला लाज वाटली. ती तरातरा कोठीत गेली, सूपभर तांदूळ, नारळ, गुळाची ढेप आणि चार चमचे घेऊन आली आणि सगळं बॅगेत कोंबलं. मग तिने फर्मान सोडलं. तुळशीची कुंडी बाळाने आणि काशीरामांनी उचलावी. कुणाची हिंमत झाली नाही नको म्हणायची. दीपक पुढे झाला होता, त्याने तोंडही उघडलं होतं, पण काशीराम तांडेलांनी त्याला "बाजू" म्हणून दरडावलं आणि तो बाजूला झाला. कुंडी पुढच्या सीटवर, आईच्या उशीवर, बसवली गेली. ईशाने गंभीर चेहऱ्याने तिला पट्टा लावला.

बायका खरंच डोळे पुसत होत्या. जनीबायने तुळशीची ओटी भरली, पानांवरून हात फिरवला आणि वळली ती थेट दीपककडे. टाक्यांची पट्टी बांधलेलं बोट तिने त्याच्या नाकासमोर धरलं.

"पोर आमची गुणाची हाय. सांभाळून न्या. पन एक सांगून ठेवते. तिला नुसती बसवून ठेवू नका. बसून बसून बाईमाणूस वाळून जातं. हाताला काम द्या. चुकली तर हसा, पन हातातलं काढून घेऊ नका."

दीपक त्या पट्टीकडे बघत होता. त्याचे डोळे भरले ते निशिगंधाला दिसलं, आणि त्याला पुसायचंही भान नव्हतं.

"कळलं काय?" जनीबायने विचारलं.

"कळलं," तो म्हणाला.

"पाचव्या दिवशी पाचपरतावण. माहेरी घेऊन यायचं. इसरायचं नाय."

"नाही विसरणार."

एवढं झाल्यावर तिला एकदम आठवलं, की कोठी उघडीच आहे. या गर्दीत कुणी काय नेईल नेम नाही. ती पाठ फिरवून लगबगीने आत निघून गेली आणि तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

दीपक किल्ली हातात घेऊन उभा राहिला. तुळशीला खाली उतरवून आईला बसवणं अजूनही त्याच्या हातात होतं. निशिगंधा त्याच्याकडे बघत होती. बाळाने तेवढ्यात जाहीर केलं, की आपण आधीपासून ताईच्याच बाजूचे होतो. कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले, आणि पहिला दीपक हसला. तो गाडीच्या उजव्या बाजूला गेला, शेजारच्या कुंडीचा पट्टा नीट आहे का ते त्याने चाचपून पाहिलं, आणि फाटकातून गाडी बाहेर काढली. बारीकसा हॉर्न वाजवला, वरात निघाल्यासारखा. काशीराम रस्त्यापर्यंत हात हलवत गेले आणि परत येऊन त्यांनी विचारलं, की वरपित्याचा नारळ कोण देणार.

पाऊण तासाने फोन आला. निशिगंधा तेव्हा कोठीसमोर खाली बसून थाळ्या मोजायला आईला मदत करत होती.

"हातखंब्याला चहाला थांबलोय," दीपक म्हणाला. मागे ईशा हसत होती. "निशे, तुळशीला रोज पाणी किती घालायचं गं?"

"माती बघून. बोट घालून बघायचं."

"बरं. आणि पाचवा दिवस बुधवारी येतो. मी रजा टाकतोय. बॅग परत आणतो, आईला स्वेटर लागेल." त्याने चहाचा घोट घेतला. "त्या खोलीवाल्यांना सोमवारी सांगतो, नको म्हणून."

निशिगंधाला काही बोलता येईना. या खेपेला तोंडात सुतळीही नव्हती. तिने नुसतं हूं केलं, आणि फोन ठेवून पदराने डोळे पुसले.

"कोण गो?" आईने विचारलं.

"मुलाकडचे. हातखंब्याला पोचले."

"चांगली माणसं वाटली. तो नारळवाला तर भारी कामाचा." जनीबायने एक थाळी उचलून पुसली, उजेडात धरून पाहिली. "कुणाचा गो तो?"

"तुझाच," निशिगंधा म्हणाली.

आईचा हात थांबला. तिने बराच वेळ त्या थाळीकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न करताना तिच्या कपाळावर अगदी दीपकसारखी आठी आली, आणि मग ती विरली.

"माझा काय?" ती म्हणाली. "मग जेवून गेला ना?"

निशिगंधाने सांगितलं, हो, जेवला, दोनदा जेवला. जनीबायने समाधानाने मान हलवली, थाळी कपाटात ठेवली आणि कोठीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.